इतर

पडद्यावर चौदा ठिपके.
एकेक ठिपका म्हणजे एकेक गाडी,
गाडीत एक बाई, बाईच्या खिशात फोन,
फोनमध्ये तिचा अख्खा दिवस, मिनिटांत चिरलेला.

सोदानक्युलाच्या नगरकचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
मी हे ठिपके राखतो.
माझे आजोबा रेनडिअर राखायचे. त्यांना निदान
कळप दमला की दिसायचं.

वेळेत असला तर ठिपका हिरवा.
दोन मिनिटं उशीर, पिवळा.
पाच झाली की लाल, आणि माझ्या टेबलावर टिंग.
ती टिंग मला आता सौनातही ऐकू येते.
फोन बाहेर, कोटात, दोन दारांपलीकडे.
मी उघडा, घामाघूम, तापल्या दगडांवर पाणी ओततो
आणि ते फस्स म्हणायच्या आत
टिंग.
बायको म्हणते, काही वाजलं नाही, पाउली.
मी म्हणतो, हो ना.
आणि कान लावून बसतो.

दर गुरुवारी इर्मेलीचा ठिपका विझायचा.
पिवळा नाही, लाल नाही. नाहीच.
दहा चाळीसला ऊनो म्हाताऱ्याच्या अंगणात शेवटचा दिसायचा,
अकरा एकोणीसला तळ्यापलीकडच्या रस्त्यावर उगवायचा.
संगणक विचारायचा: कारण निवडा.
वाहन नादुरुस्त. रुग्ण घरी नाही. रस्ता बंद. इतर.
'इतर'वर बोट ठेवलं की खाली एक चौकोन उघडतो
दोनशे अक्षरांचा.
मी त्यात एक टिंब टाकायचो,
रिकामा तो घेत नाही म्हणून.

फेब्रुवारीत वरून विचारणा झाली. छडा लावा.
मी इर्मेलीच्या शेजारच्या सीटवर बसून निघालो.
उणे एकतीस. नाकातले केससुद्धा कडक.
नियम असा आहे: फोन अंगालगत, आतल्या खिशात, ऊबेत.
ऊनोच्या दाराशी तिने तो बाहेर काढला
आणि सरपणाच्या ढिगावर ठेवला, उताणा.
"चार मिनिटांत मान टाकतो," ती म्हणाली,
कोंबडीबद्दल बोलावं तसं.
माझ्याकडे पाहिलं. मी साहेब.
मी माझाही ठेवला.

आत, घट्ट पायमोजे चढवायला सात मिनिटं.
गोळ्यांना तीन. जखम पाहायला दोन.
बोलण्याचा रकाना नाही.
आणि ऊनो तर नदीतून ओंडके हाकत नेणारा माणूस,
त्याच्या दोन वाक्यांमधून
एखादा ओंडका सहज तरंगत निघून जावा.

तो म्हणाला, "त्या वर्षी बर्फ फुटायला उशीर झाला."
इर्मेलीने कॉफी ओतली.
कोटाची बटणं सोडली, एकेक.
पुढे काय, असं विचारलं नाही.
मी मनात आकडे मोजू लागलो, सवयच ती.
साठ. सत्तर. नव्वदला माझा डावा पाय आपोआप हलायचा थांबला.
तो हलत होता हेच मला ठाऊक नव्हतं.
एकशे बाराला ऊनो म्हणाला,
"मग फुटला."
आणि स्वतःच असा हसला की कवळी सावरावी लागली.

परतताना तिने फोन काखेत धरला
अंडं उबवावं तसा.
पुलापाशी ठिपका पुन्हा उगवला असणार.
पाहायला मी तिथे नव्हतो.

कचेरीत चौकोन वाट बघत होता.
मी टिंब पुसलं. लिहिलं:
बर्फ फुटायला उशीर झाला.
वर गेलं. अजून तरी परत आलेलं नाही.

टिंग येते. कालही आली, दगडांवर पाणी पडताना.
मी लगेच उठत नाही आता.
एकशे बारापर्यंत मोजतो,
कधी मध्येच आकडा चुकतो, तेही चालतं.

इर्मेलीची अडचण निराळी आहे.
मे महिन्यात काय करायचं, म्हणते ती,
तेव्हा तर रात्रीही ऊन असतं, फोन काही मरत नाही.
मी म्हटलं, बघू.
खरं म्हणजे कामाच्या वेळेत
दुसऱ्या कशाचा विचार करतच नाहीये मी.